कन्येची चार वर्षे

बीड जिल्ह्यात मुलीच्या जन्माविषयी गेली काही वर्षे पुष्कळ बोलले जात आहे; मुलीच्या वयाविषयी मात्र फार थोडे बोलले जाते. २०११ सालच्या जनगणनेत ह्या जिल्ह्यातील सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची गणती झाली, तेव्हा हजार मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली आढळल्या. साऱ्या महाराष्ट्रात इतका खालचा आकडा दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्याचा नव्हता. त्यापूर्वी दहा वर्षे, म्हणजे २००१ साली, हाच आकडा ८९४ होता. निसर्गाचा क्रम पाहता हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली जन्मास येतात. तेव्हा बाकीच्या मुली गेल्या कोठे, हा प्रश्न विचारणे प्राप्तच होते, आणि तो विचारलाही गेला. ज्या भूमीत आंबेजोगाईस मराठीचे आद्यकवी मुकुंदराज ह्यांची समाधी आहे, त्या भूमीचे नाव अशा कारणाने देशभर व्हावे, ह्याची खंत येथील प्रत्येक विचारी मनुष्यास वाटली असेल.

त्या प्रश्नाचे उत्तर २०१२ साली परळी येथे भयंकर रीतीने पुढे आले. तेथील एका रुग्णालयात गर्भपाताच्या वेळी एका विवाहित स्त्रीचा मृत्यू झाला. चौकशी झाली, खटला उभा राहिला, आणि २०१९ साली बीडच्या न्यायालयाने संबंधित डॉक्टर दांपत्यास दहा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा सुनावली. गर्भाचे लिंग तपासण्यास आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच, इतर सर्व प्रांतांच्या आधी, केला होता. १९९४ साली तो साऱ्या देशासाठी झाला. तरीही जे घडावयाचे ते घडतच राहिले. पुढे २०१५ साली ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ ही योजना निघाली, तीत आरंभीच्या शंभर जिल्ह्यांमध्ये बीडची निवड झाली. गावोगावी भिंतींवर मुलीच्या जन्माचे स्वागत करणारी वाक्ये रंगविली गेली, सोनोग्राफीच्या केंद्रांची तपासणी होऊ लागली. हे सर्व योग्यच झाले, आणि ह्यात कसूर होता कामा नये.

परंतु मुलगी जन्मास आली म्हणजे ती वाचली, असा जो एक समज ह्या चळवळीतून नकळत पसरला आहे, तो खरा नव्हे. आमच्या मते, आपल्या जिल्ह्यात मुलीस दोन घाट ओलांडावे लागतात. एक जन्माचा, दुसरा चौदाव्या वर्षाचा. पहिल्या घाटावर आता पहारा बसला आहे. दुसऱ्या घाटावर अद्याप कोणीही उभे नाही. चौदा ते अठरा ही जी चार वर्षे, ती मुलीच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याची आणि सर्वांत मोलाची वर्षे होत, व त्या वर्षांची राखण करणे हेच माध्यमिक शाळेचे आजचे मुख्य कर्तव्य आहे, हे ह्या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम ही चार वर्षे मुलीच्या पदरात कशी पडली, ते पाहू. कारण ती पूर्वीपासून तिची नव्हती. आनंदीबाई जोशी ह्यांचे लग्न नवव्या वर्षी झाले, आणि चौदाव्या वर्षी त्या माता झाल्या. ते मूल दहा दिवसच जगले. योग्य उपचार न मिळाल्याचे ते दुःख त्यांच्या मनात असे खोल रुतले की, त्यांनी सातासमुद्रापलीकडे अमेरिकेस जाऊन १८८६ साली वैद्यकाची पदवी मिळविली. पण पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यास त्यांचा अंत झाला. त्या काळी ब्राह्मणाच्या घरी काय किंवा शेतकऱ्याच्या घरी काय, चौदा वर्षांची मुलगी ही मुलगी राहिलेलीच नसे. ती सून असे, बहुधा आईही असे. १९२९ साली हरबिलास सारडा ह्यांच्या प्रयत्नाने बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला, त्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरविले. १९४९ साली ते पंधरा झाले, आणि १९७८ साली अठरा. म्हणजे चौदापासून अठरापर्यंतची ही चार वर्षे मुलीस मिळवून देण्यास कायद्यास जवळजवळ पन्नास वर्षे लागली! आपल्या जिल्ह्यास तर त्याहून उशीर झाला. कारण सारडा कायदा ब्रिटिश हद्दीपुरता होता, आणि बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते.

इतक्या कष्टाने मिळालेली ही ठेव आपण कशी सांभाळतो? २०१९ ते २०२१ ह्या काळात देशभर जी कुटुंब-आरोग्य पाहणी झाली, तीत वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांस त्यांचे लग्न केव्हा झाले हे विचारण्यात आले. महाराष्ट्रात शंभरांपैकी सुमारे २२ जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते; बीड जिल्ह्यात ही संख्या शंभरांत ४३ हून अधिक निघाली. म्हणजे आपल्या वर्गातील बाकांवर बसलेल्या मुलींकडे पाहून असा विचार करावा की, आहे तसेच चालू राहिले तर ह्यांतील दर पाच जणींपैकी दोघींची ही चार वर्षे हिरावून घेतली जातील. ही आजींच्या पिढीची गोष्ट नव्हे. ज्या मुलींविषयी हे आकडे आहेत, त्या विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस किंवा ह्या शतकाच्या आरंभी जन्मल्या.

असे का व्हावे? अज्ञानामुळे, असे सहज उत्तर देण्यात येते. पण कायदा ठाऊक नाही असा बाप आता क्वचितच सापडेल. ज्याला कायदा ठाऊक नसतो, तो लग्न उघड करतो. आपल्याकडे लग्नपत्रिका न छापता, शेजारच्या तालुक्यात, रात्रीच्या वेळी, मोजक्या माणसांत लग्न उरकले जाते, ह्यावरून कायद्याचे ज्ञान पुरेसे पसरले आहे हेच दिसते! खरे कारण निराळे आहे, आणि ते समजण्यास उसाच्या फडापर्यंत जावे लागेल.

बालाघाटाच्या माथ्यावरील आपली जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. खरिपाचे पीक हाती आले न आले की पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, वडवणी, केज अशा तालुक्यांतील लाखो माणसे घरास कुलूप लावून कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर आणि कर्नाटकाकडे ऊस तोडण्यास जातात. दिवाळीच्या सुमारास गेलेली ही माणसे गुढीपाडव्याच्या आसपास परततात. ह्या कामाची भरती कशी होते, हे येथील प्रत्येक मुलास माहीत आहे. तरी त्याचा अर्थ थोडा थांबून पाहण्याजोगा आहे. मुकादम हंगामाच्या आधी उचल देतो, ती एकट्या माणसास नव्हे, तर ‘कोयत्या’स. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. एकटा पुरुष आला तर तो ‘अर्धा कोयता’. पुरुष ऊस तोडतो, स्त्री पाचट काढते, मोळ्या बांधते, आणि त्या डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. मजुरी दोघांची मिळून एकच. ती मुकादमाच्या वहीत पुरुषाच्या नावावर लिहिली जाते. स्त्रीचे नाव तेथे नसते.

आता चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचा बाप ह्या हिशेबात काय विचार करीत असेल, ते पाहा. मुलगी बरोबर न्यावी, तर शाळा सुटते. पाचटाच्या कोपीत तिला दार नाही, न्हाणी नाही. दिवसभर ती धाकट्या भावंडांस सांभाळते, पाणी भरते, भाकऱ्या थापते, आणि कोपीत एकटी असते. मुलगी घरी ठेवावी, तर सोबत म्हाताऱ्या आजीवाचून कोणी नाही. सहा महिने तिच्यावर नजर कोणी ठेवावी? आणि काही बरेवाईट घडले, तर गाव दोष कोणाला देणार, हे त्याला पक्के ठाऊक असते. दुसरीकडे, ज्याचा मुलगा वयात आला आहे, त्याला सून आली की अर्ध्याचा पुरा कोयता होतो, आणि पुऱ्या कोयत्याची उचल मिळते. एका घरी मुलगी जोखीम, दुसऱ्या घरी तीच मुलगी कोयत्याची बाजू! ह्या दोन हिशेबांची गाठ पडली की दिवाळीपूर्वी लग्न ठरते. त्यात कोणी मुलीचा द्वेष करीत नाही. बापाचा जीव तिच्यावर असतोच. परंतु तिच्या वयाचे, तिच्या बुद्धीचे, तिच्या इच्छेचे मोल करणारा रकाना त्या हिशेबात कोठेही नाही, हाच खरा अन्याय आहे.

ह्या हिशेबाचा शेवट कोठे होतो, तेही सांगितले पाहिजे. तो सांगणे अप्रिय असले तरी. पंधराव्या-सोळाव्या वर्षी सासरी गेलेली मुलगी विशीच्या आत दोन-तीन लेकरांची आई होते. बाळंतपण होऊन थोडेच दिवस लोटतात न लोटतात तो पुन्हा मोळी डोक्यावर येते. फडात आडोसा नाही, स्वच्छ पाणी नाही. पोटाचे दुखणे अंगी जडते. आणि एक दिवस काम चुकले की खाड्याचा दंड. अशा वेळी कोणी सल्ला देतो की, पिशवी काढून टाकावी म्हणजे कटकट संपेल. २०१९ साली हा प्रकार वृत्तपत्रांत गाजला, तेव्हा शासनाने नेमलेल्या समितीने जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. दर सहा जणींमागे एक! ह्या स्त्रियांच्या दुःखाबद्दल त्या वेळी पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. परंतु ते दुःख त्या शस्त्रक्रियेच्या दिवशी सुरू झाले नव्हते. त्यांतील कितीतरी जणींचे दप्तर ज्या दिवशी कायमचे खुंटीला लागले, त्या दिवशी ते सुरू झाले.

येथे कोणी म्हणेल, ‘हे सारे दारिद्र्याचे फळ आहे, दारिद्र्य गेले म्हणजे हेही जाईल.’ ह्यात सत्याचा अंश मोठा आहे. पण ते सर्व सत्य नव्हे. सोनोग्राफीसाठी आणि गुप्त गर्भपातासाठी जो पैसा मोजला गेला, तो मोजण्याची ऐपत कोपीत राहणाऱ्यापेक्षा बागाईतदारास, नोकरदारास आणि दुकानदारास अधिक होती. हुंड्यास १९६१ च्या कायद्याने बंदी आहे, तरी शिकलेल्या नवऱ्याचा भाव न शिकलेल्याहून चढाच असतो, हे कोणास ठाऊक नाही? जमिनीत मुलीस मुलाच्या बरोबरीचा वाटा २००५ सालच्या कायद्याने दिला. पण बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करून माहेरचा दरवाजा आपणांसाठी उघडा ठेवावा, अशीच अपेक्षा सुशिक्षित भाऊही करतात. आणि आपण ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनी ह्या बाबतीत दुसऱ्यांकडे बोट दाखवू नये. पवित्र शास्त्राच्या पहिल्याच अध्यायात नर आणि नारी ही दोन्ही देवाच्या प्रतिरूपाची असे आपण वाचतो. तरी आपल्याही मंडळीत मुलगा झाला म्हणजे पेढे आणि मुलगी झाली म्हणजे समाधानाचे शब्द वाटले जातात. तात्पर्य, दारिद्र्य मुलीचे लग्न लवकर लावते हे खरे. पण मुलगी हा खर्च आणि मुलगा ही मिळकत, ही समजूत गरिबाच्या व श्रीमंताच्या घरी सारखीच नांदते. दोहोंवर घाव घातल्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरा एक आक्षेप असतो, तो आम्हांस पहिल्याहून अधिक आदरणीय वाटतो. बाप म्हणतो, ‘गुरुजी, तुम्ही शिकवाल, पण रात्री तिची राखण कोण करील?’ हा बाप रानटी नव्हे. तो भ्यालेला आहे, आणि त्याचे भय निराधार नाही. त्याला बालविवाहाच्या दुष्परिणामांवर व्याख्यान देऊन काय उपयोग? त्याच्या प्रश्नास उत्तर दिले पाहिजे. शुभवर्तमानात याईर नावाच्या अधिकाऱ्याची गोष्ट आहे. सभास्थानातील मोठा मानकरी असूनही तो आपल्या बारा वर्षांच्या मुलीसाठी लोकांदेखत प्रभूच्या पाया पडला. लोक म्हणाले, ‘आता सारे संपले, गुरूंना त्रास कशाला?’ पण प्रभू त्याच्या घरी गेला, त्याने मुलीचा हात धरून तिला उठविले, आणि लगेच तिला काही खावयास द्या असे सांगितले. त्या शेवटच्या आज्ञेकडे आपले लक्ष फार क्वचित जाते. मुलीस नवे जीवन मिळाले, एवढ्याने काम पुरे होत नाही. तिच्या जेवणाची सोय कोणी तरी लावावयाची असते.

आपल्या जिल्ह्यात ती सोय नेमकी कोठे तुटते, ते पाहा. २००९ सालच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क दिला. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी गावोगावी हंगामी वसतिगृहे निघाली, ती मुख्यत्वे ह्याच वयाच्या मुलांकरिता. पण मुलगी आठवी उत्तीर्ण झाली की तो हक्क संपतो. शिक्षणाच्या कायद्याने तिचा हात चौदाव्या वर्षी सोडला, आणि लग्नाचा कायदा तर तिला अठरा वर्षे थांब म्हणतो. मधल्या चार वर्षांत तिने कोठे असावे, हे कोणताच कायदा सांगत नाही. महाराष्ट्रात मुलीस बारावीपर्यंत शिक्षणाची फी नाही. खेड्यातील मुलीस एस.टी.चा पासही मोफत मिळतो. म्हणजे शाळेचे दार उघडे आहे, वाटेचे भाडे माफ आहे. नाही ते फक्त एक: दिवाळीपासून पाडव्यापर्यंत रात्री निर्धास्त निजावयास एक खोली, आणि तिच्या दाराशी एक विश्वासू बाई. शासनाने २०२१ साली संत भगवानबाबा ह्यांच्या नावे ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना काढली, ही आनंदाची गोष्ट होय. पण गरज इतकी मोठी आहे की, एकट्या शासनावर हे ओझे टाकून इतरांनी स्वस्थ बसणे बरे नव्हे.

मुलींस शाळेत ठेवावयाचे तर त्यांच्या निवाऱ्याची सोय आधी हवी, हे सत्य मिशनच्या शाळांना फार पूर्वी कळले होते. मिस सिंथिया फरार ह्या अमेरिकन बाईंनी तेव्हाच्या अहमदनगर येथे मुलींच्या शाळा चालविल्या. त्या पाहूनच जोतीराव फुले ह्यांस पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा झाली, आणि १८४८ साली भिड्यांच्या वाड्यात ती शाळा निघाली. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदासदन काढले, ते केवळ शाळा म्हणून नव्हे, तर ज्यांना घर उरले नव्हते अशा बालविधवांचे घर म्हणून. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात हिंडून अनाथ मुली घेऊन आल्या, आणि केडगावी मुक्तिसदन उभे राहिले. ह्या संस्थांवर धर्मांतराचा आक्षेप घेण्यात आला. शारदासदनातून कित्येक पालकांनी १८९३ साली आपल्या मुली काढून नेल्या. तो वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. आज जे वसतिगृह पाहिजे, त्यात कोणाच्याही धर्मास धक्का लागू नये, मुलगी ज्या घरची आहे त्या घरचीच राहावी, ह्यावर आमचा कटाक्ष आहे. पण ज्या एका गोष्टीत ते लोक आपल्याहून शहाणे होते, ती आपण विसरू नये: मुलीस पाटी देण्याआधी त्यांनी तिच्या अंथरुणाचा विचार केला.

आणि त्या अंथरुणाचे व पाटीचे फळ काय मिळते, ह्याचाही एक दाखला आहे. फुल्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातील मुलगी शिकत होती. १८५५ साली तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला, आणि तो ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. ज्या वयात आज आपण मुलीस म्हणतो, ‘तुला काय कळते?’, त्या वयात तिला आपल्या साऱ्या जातीचे दुःख कळत होते, आणि ते मांडता येत होते. दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी त्या निबंधाचे नाव निघते. तिला ते वर्ष मिळाले नसते, तर मराठीस तो निबंध मिळाला नसता. चौदा ते अठरा ह्या वर्षांत मुलगी केवळ परीक्षा उत्तीर्ण होत नाही; ती ‘मी’ म्हणावयास शिकते. म्हणूनच ही वर्षे मोलाची.

मग आपण काय करावे? प्रथम शाळेने. दिवाळीच्या सुटीनंतर नववी-दहावीच्या हजेरीपटात ज्या नावांपुढे रिकाम्या चौकटी पडू लागतात, त्या नावांची चौकशी त्याच आठवड्यात व्हावी. पाडव्यास नाव कमी करून मोकळे होऊ नये. सुटीपूर्वीच वर्गशिक्षकांनी प्रत्येक मुलीस विचारावे, ‘तुझे आईबाप ह्या वर्षी जाणार का? तू कोठे राहणार?’ ह्या दोन प्रश्नांस फी लागत नाही. आपल्या संस्थेच्या चालकांस आमची नम्र विनंती अशी की, मोठी इमारत होईल तेव्हा होवो. पण हंगामापुरत्या दहा मुली राहतील एवढी जागा आणि एक प्रौढ स्त्री रेक्टर म्हणून नेमणे, एवढे आरंभास पुरे आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज पुण्या-मुंबईस नोकरीत सुस्थितीत आहेत, त्यांनी एका मुलीच्या सहा महिन्यांच्या जेवणाचा भार उचलावा. लग्नाच्या आहेरात आपण ह्याहून अधिक खर्च करतो.

पालकांस एवढेच सांगणे आहे की, मुलीचे लग्न लवकर केल्याने काळजी संपत नाही. ती फक्त घर बदलते. आपल्या घरी असताना तिच्या दुखण्याखुपण्यास आई होती. परक्या घरी, परक्या फडात, पंधराव्या वर्षी तिला कोण? आणि एक व्यवहाराची गोष्ट अशी की, दहावी-बारावी झालेली मुलगी परिचारिका होऊ शकते, शिक्षिका होऊ शकते, आपल्याच गावात अंगणवाडी चालवू शकते. मग तिच्या श्रमाची नोंद तिच्या स्वतःच्या नावे होते. मुकादमाच्या वहीत नवऱ्याच्या नावाखाली लपून राहत नाही.

मुलग्यांस ह्या लेखातून वगळणे योग्य होणार नाही. कारण प्रत्येक बालवधूच्या शेजारी एक नवरदेव उभा असतो. आज जे नववी-दहावीत आहेत, त्यांना सहा-सात वर्षांत लग्नाचे विचारतील. ‘मुलगी अठरा वर्षांची आहे का? तिचे शिक्षण कोठवर झाले? तिला विचारले का?’ हे तीन प्रश्न मुलाने विचारावे, आणि हुंड्याचे नाव काढू देऊ नये. तोवर घरी निदान एवढे करावे की, परीक्षेच्या आदल्या दिवशी पाण्याची कळशी बहिणीनेच आणावी, हा नियम मोडावा.

आणि विद्यार्थिनींनो, तुम्हांस काय सांगावे? जुन्या करारातील गणनेच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच कन्यांची हकीकत आहे. बापास मुलगा नव्हता, आणि मुलींस वतनात वाटा देण्याची चाल नव्हती. त्या पाच बहिणी निवासमंडपाच्या दाराशी, मोशेपुढे आणि सर्व सरदारांपुढे उभ्या राहिल्या, आणि बापाच्या भाऊबंदांत आम्हांसही वतन मिळावे, असे त्यांनी स्वतःच्या तोंडाने मागितले. मोशेने ते गाऱ्हाणे परमेश्वरापुढे नेले; मुलींचे म्हणणे खरे ठरले, आणि त्यांच्यासाठी नवा नियम झाला. ध्यानात घ्या: त्या रडल्या नाहीत, रुसल्या नाहीत, पळूनही गेल्या नाहीत, त्या योग्य जागी गेल्या आणि बोलल्या. तुम्हांसही योग्य जागा आहेत. घरी आजोबा, मामा, चुलती, जे कोणी तुमचे ऐकेल ते. शाळेत तुमच्या बाई. गावात ग्रामसेवक, ज्यांच्यावर कायद्याने बालविवाह रोखण्याची जबाबदारी टाकली आहे. आणि कोणीच ऐकत नसेल, तर १०९८ हा क्रमांक, जो कोणत्याही फोनवरून फुकट लागतो. मैत्रिणीच्या लग्नाची कुणकुण लागली तर गप्प बसू नका. तिच्या वतीने बोलणे ही चहाडी नव्हे.

२०२१ ची जनगणना लांबणीवर पडली, त्यामुळे ८०७ ह्या आकड्याचे पुढे काय झाले, हे नव्या गणतीवरून कळेल. तो वाढलेला असावा, अशी सर्वांची इच्छा आहे. पण तो वाढला तरी तो सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचा असेल. चौदा वर्षांच्या मुलींची गणती दिल्लीहून कोणी करण्याची वाट आपण पाहू नये. ती ह्याच शाळेत, दररोज सकाळी, हजेरीच्या वेळी होत असते. त्या वेळी नाव पुकारल्यावर प्रत्येक बाकावरून ‘उपस्थित’ असे उत्तर यावे, आणि ते बारावीच्या अखेरच्या दिवसापर्यंत येत राहावे, अशी त्या दयाळू पित्याच्या चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.